हाक एकदाच मारायची

बसा. बॅगा तिकडे ठेवा, काचांपासून लांब. आणि ते दार तेवढं लोटून घ्या, थंडी आत येतेय.

तर उद्या पहाटे साडेपाचच्या बसने निघणार तुम्ही. तिघंही. छान. आमचे भाचेबुवा मला मघापासून ऐकवतायत, मामा, असा उत्सव आहे की अजून कुणी पाहिलेला नाही, मामा, कुणी धड शूटसुद्धा केलेला नाही. जा की. मी कोण अडवणार? वय आहे तुमचं, पाय शिवशिवतात. मी चाळीस वर्षं या दुकानात बसून लोकांच्या फोटोंना चौकटी ठोकल्या, मला काय कळतंय फिरण्यातलं! चहा घ्या. तो संपेपर्यंत एक गोष्ट ऐका आणि मग खुशाल झोपायला जा. गोष्ट म्हणजे झालेली हकिकत आहे, माझ्या ओळखीच्या माणसाची. त्यातली निम्मी त्याने मला तुम्ही बसलात त्याच बाकावर बसून सांगितली.

त्याला आम्ही भिंगरी म्हणायचो. पायाला भिंगरी लागलेला, म्हणून. फोटोग्राफर होता आणि देशभर हिंडायचा, पण डोंगर, समुद्र, सूर्यास्त असल्या गोष्टींकडे ढुंकून बघायचा नाही. त्याला हवे असायचे उत्सव, आणि तेही जगावेगळे. एका गावात वर्षातून एक दिवस झाडून सगळे उलटे चालतात, तिथे हा. एका बंदरावर नव्या होडीचं जुन्या होडीशी लग्न लावतात, तिथे हा. एका ठिकाणी बापये आरशांसमोर ओळीने उभे राहतात आणि वर्षभर केलेल्या चुकांसाठी स्वतःलाच मनसोक्त शिव्या घालतात, तिथे तर हा दोनदा जाऊन आला. त्याची बायको म्हणाली होती, त्यासाठी एवढं लांब कशाला, घरी आहे की आरसा.

हात चांगला होता त्याचा, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्याला एक खोड होती. समोर काही घडलं आणि मनासारखं टिपता आलं नाही, की हा हात वर करून म्हणायचा, "मस्त! आता परत एकदा." माणसं गोंधळायची, हसायची आणि परत करायची. कॅमेऱ्यापुढे भले भले विरघळतात. होड्यांचं लग्नसुद्धा त्याने दोनदा लावायला लावलं, कारण पहिल्या वेळी मध्ये कुणाची तरी छत्री आली. मी विचारलं, "अरे, मग मधल्या मध्ये काडीमोड कुणी दिला?" तो खो खो हसला. मीही हसलो.

दुसरी एक युक्ती त्याने बापाकडून उचललेली. बापाचा स्टुडिओ होता, लहान मुलांचे फोटो काढायचा. मूल इकडेतिकडे बघायला लागलं की बाप कॅमेऱ्याआडून अगदी मऊ आवाजात त्याच्या नावाने हाक मारायचा. मूल चमकून वर बघतं, चेहरा क्षणभर उजळतो, तेवढ्यात क्लिक. भिंगरीला तो आवाज हुबेहूब यायचा. हे लक्षात ठेवा.

घरी बायको आणि एक मुलगी. बायको नर्स, आठवड्यातून चार रात्री ड्यूटी. मुलगी सात वर्षांची. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण चिंगी म्हणू. चिंगीने हट्ट करून लेसचे बूट घेतले होते, निळे, कॅनव्हासचे. बक्कलचे बूट म्हणे बाळं घालतात. दुकानदाराने पायाच्या अंगठ्यापुढे एक बोट जागा ठेवून माप दिलं, वाढता पाय म्हणून. पण लेस कुणाला बांधता येतेय? आई वाकली की पोरगी पाय मागे घ्यायची. म्हणायची, "बाबा शिकवणारेत." आणि बाबा म्हणायचे, "आल्यावर शिकवतो हं." बाबा उलटं चालणाऱ्यांकडून आले, होड्यांकडून आले, दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसले आणि पुन्हा निघाले. पोरगी तशीच लेस फरफटवत शाळेत जायची. वेडं प्रेम होतं तिचं बापावर. लायकी नसलेल्यांच्या वाट्याला ते फार येतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतला दुसरा शनिवार.

एका बस ड्रायव्हरने त्याला एका वस्तीबद्दल सांगितलं होतं. रस्ता संपतो तिथून पुढे, चौदा घरं. भिंगरी स्वतःची गाडी घेऊन निघाला आणि संध्याकाळी पाचला पोचला. तिथला म्हातारा पोस्टमन भेटला. त्याने सगळं समजावून सांगितलं.

त्या वस्तीत वर्षातून एका रात्री, वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घराच्या उंबऱ्यावर त्या माणसाचे जोडे ठेवतात. बोटं बाहेरच्या बाजूला. घरातलं सगळ्यात जवळचं माणूस आतून नावाने हाक मारतं, 'जा आता' म्हणतं आणि दार लावून घेतं. मग उजाडेपर्यंत दार उघडायचं नाही. गेलेलं माणूस म्हणे तोवर घराच्या आसपास घुटमळत असतं. हाक ऐकून दाराशी येतं, जोडे घालतं आणि बोटं जिकडे असतील तिकडे चालू लागतं.

"आणि हाक एकदाच मारायची," पोस्टमन म्हणाला.

"दोनदा मारली तर?"

"दोनदा कशाला मारील कुणी? पहिली हाक निरोपाची. दुसरी बोलावण्याची होते. आणि बोलावल्यावर त्यांना ठेवायचं कुठे, साहेब?"

भिंगरीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर सुंदर होतं त्याचं.

त्या वर्षी एकाच घरात मृत्यू झाला होता. त्या घरात हातमोजे शिवणारी एक बाई राहायची, तिशीतली. नवरा कधीच सोडून गेलेला. एकुलती एक मुलगी चार महिन्यांपूर्वी तापाने गेली होती. ती पण सात वर्षांची.

एकच खोली. खिडकीशी शिवणयंत्र. बाजूला कापलेल्या हातमोज्यांचे दोन ढीग, डाव्यांचा वेगळा, उजव्यांचा वेगळा. भिंतीलगत दोन खाटा. लहान खाटेवर पांघरूण घडी घालून ठेवलेलं आणि उशाशी एक छोटा दिवा, अजून उजेड होता तरी लावलेला.

बाईने त्याला नाही म्हटलं नाही. "काढा फोटो," ती म्हणाली. "फक्त त्या कोपऱ्यात बसा आणि मध्ये बोलू नका, दादा. चार महिने मी तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आजच्यासाठी ठेवलंय."

रात्री नऊ चाळीसला तिने दार उघडलं. उंबऱ्यावर बूट ठेवले. लाल, बक्कलचे. एका बुटाचं बक्कल तुटलेलं, ते हातमोज्याच्या जाड दोऱ्याने शिवलेलं. पुढे बोटांवर कापडाचं एकेक पिवळं फूल. बोटं बाहेर. ती आत येऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली.

कशी मारली, ते भिंगरीला मला सांगता आलं नाही.

मग ती म्हणाली, "जा आता, बाळा." दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

भिंगरीने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं. फोकस चुकला होता. शिवणयंत्राचं चाक लख्ख आलेलं आणि बाईचा चेहरा धुरकट. बुटांच्या नुसत्या टाचा दिसत होत्या, फुलं पलीकडे.

आता सांगा, हा काय म्हणाला असेल?

...बरोबर. परत एकदा.

बाईने मान हलवली. याने समजावलं, ताई, दोनच मिनिटं, तुमच्या मुलीची आठवण राहील, लोक बघतील. ती म्हणाली, "नाही दादा. झालं. गेली ती." तिने मान खाली घातली. एखादा माणूस असता तर तिथेच कॅमेरा पिशवीत टाकून बाहेर पडला असता. हा उठला. त्याने स्वतःच्या हाताने ते दार उघडलं. बूट फिरवले. फुलं कॅमेऱ्याकडे यावीत म्हणून बोटं आत केली. परत कोपऱ्यात येऊन बसला. उघडं दार, मागे काळोख, पुढे लाल बूट, त्यापुढे बसलेली आई. सगळं जमून आलं होतं. फक्त तिचा चेहरा खाली होता.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. आणि अगदी मऊ आवाजात… त्या मुलीच्या नावाने हाक मारली.

आईने वर बघितलं.

तिला वाटलं, आली.

क्लिक.

मला राग येतो, अजून येतो. हा कप फोडावासा वाटतो. असो.

बाईला कळायला थोडा वेळ लागला. ती ओरडली नाही की रडली नाही. तिने दाराकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही बोलावलंत?"

"सॉरी ताई, ते आपलं फोटोपुरतं…"

"तुम्ही बोलावलंत तिला."

आणि ती भिंगरीकडे नाही, त्याच्या बाजूला बघायला लागली. जरा खाली. त्याच्या कमरेच्या उंचीवर. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ती अंधारात झोपत नाही, दादा. दिवा लागतो तिला."

भिंगरीने सामान आवरलं. फोटो पाठवतो म्हणून स्वतःचं कार्ड यंत्रावर ठेवलं आणि निघाला. उंबरा ओलांडताना त्याने खाली बघितलं. बूट तिथे नव्हते. त्याला वाटलं, बाईने उचलले असतील.

सव्वादहाला गाडी सुरू केली. अर्धा किलोमीटर गेला नाही तोच टुंग टुंग वाजायला लागलं. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजतं ना, ते. मागे कॅमेऱ्याची बॅग होती, तिचं वजन. याने गाडी थांबवून बॅग पुढे घेतली. निघाला.

टुंग. टुंग. टुंग.

मागे वळून बघितलं. सीट रिकामी. हात फिरवून बघितला. थंड होती, बस्स. पुढे पाच तासांचा रस्ता आणि ते वाजणं थांबेना. शेवटी वैतागून खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवर पट्टा ओढून खटकन लावला.

वाजायचं थांबलं.

मला सांगताना म्हणाला, "सेन्सर बिघडला असणार." मी म्हटलं, असेल. माझ्या हातात तेव्हा त्याच फोटोची काच होती. हो, फ्रेम मीच केली. खोटं कशाला बोलू, फोटो बघून मी म्हणालो होतो, हिरा काढलास. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी चाळीस वर्षांत कुठल्या फोटोत बघितलं नव्हतं. त्याने फोटोला नाव दिलं होतं, 'आली'. पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शन ठरलं.

आणि रोज रात्री नऊ चाळीसला फोन यायला लागला.

पहिल्या रात्री बाई म्हणाली, "नीट पोचली ना?" दुसऱ्या रात्री, "दूध कोमट द्या, गरम पीत नाही." तिसऱ्या रात्री, "दिवा ठेवता ना?" आवाजात राग नाही, काही नाही. पोर शाळेसाठी आत्याकडे राहायला पाठवलं तर आई जसं विचारते, तसं. भिंगरी फोन कापायचा. मग इथे येऊन तिची नक्कल करून दाखवायचा. नवव्या दिवशी त्याने नंबर ब्लॉक केला. मी नक्कल बघून हसलो होतो, हेही सांगून टाकतो. ते माझ्या खात्यावर आहे.

त्याच सुमाराला चिंगी ओ देईनाशी झाली. हाक मारली तर मान वळवायची नाही. कानाच्या डॉक्टरने तपासलं, कान ठणठणीत. एकदा जेवताना ती बापाला म्हणाली, "बाबा, तिला सांगा ना, माझ्या खुर्चीवर नको बसू." बाप प्रदर्शनाची यादी करत होता. म्हणाला, "सांगतो हं."

तीन आठवडे गेले. गुरुवार. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचं उद्घाटन. बायको नाइट ड्यूटीला गेलेली. घर दुसऱ्या मजल्यावर, एका जिन्याला दोन दारं, समोरचं घर बंद. भिंगरी टेबलाशी फोटोंच्या चिठ्ठ्या लिहीत होता. चिंगी निळे बूट घालून दाराशी जाऊन बसली. लेस सुट्या.

"बाबा, आज शिकवा ना."

"एक मिनिट."

"तुम्ही आलात की आता."

"चिंगे, एकच मिनिट."

ती बसून राहिली. किती वेळ, ते त्याला माहीत नाही. मध्येच दार वाजल्यासारखं झालं. खालच्या मजल्यावरचं असेल. त्याने मान वर केली नाही.

नऊ पस्तीसला त्याने बघितलं, तर दाराशी कुणी नाही. आतल्या खोलीत डोकावला. पलंगावर चिंगी झोपलेली, भिंतीकडे तोंड करून. कंटाळून झोपली बिचारी, असं त्याला वाटलं. उशाशी दिवा चालू होता. चिंगी कधी दिवा लावून झोपत नसे.

त्याने हाक मारली. चिंगीच्या खऱ्या नावाने.

नाही.

पुन्हा मारली. श्वास चालू होता. जागी होती. खांदा कळतो ना आपल्याला, जाग्या मुलाचा. पण वळली नाही.

तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. त्याने आवाज मऊ केला. आणि ती दुसरी हाक मारली. त्या दुसरीच्या नावाने.

ती वळली.

चिंगीचाच चेहरा. तीच हनुवटी, तोच पडलेला दात. आणि चेहऱ्यावर… तो फोटो. आईच्या चेहऱ्यावर होतं ना, तेच. अगदी तेच.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरच्या. खालच्या बाजूला, बेलपर्यंत हात पुरत नसल्यासारखी.

"बाबा."

चिंगीचा आवाज.

"बाबा, दार उघडा ना. मी बाहेर आहे."

भिंगरी उठून मधल्या दारात आला. इकडे पलंग. तिकडे बाहेरचं दार. मध्ये हा.

"बाबा, दिवा गेलाय जिन्यातला."

पलंगावरून ती म्हणाली, "उघडू नका."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"उजाडेपर्यंत उघडायचं नसतं," ती म्हणाली.

बाहेर आता थोबाडीत बसल्यावर येतं तसं रडू यायला लागलं होतं. हुंदके देत देत ती म्हणत होती, "बाबा, मला हाक मारा ना. एकदा हाक मारा."

विचार करा. एक हाक मारायची होती. स्वतःच्या मुलीला. ज्याने होड्यांची दोनदा लग्नं लावली, ज्याने भलत्याच्या मेलेल्या लेकराला हाका मारल्या, त्याला. पण त्याला वाटलं, बाहेर आहे ती दुसरी. हाक मारली तर ती आत येईल. आतली तर आपली आहे, आपल्या पलंगावर आहे, आपल्या डोळ्यांसमोर आहे. डोळ्यांवर फार विश्वास होता त्याचा.

त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आधी हाताने वाजत होतं. मग पायाने.

अकरा वाजले. बारा. एक.

"बाबा… आल्यावर शिकवणार होतात…"

सव्वाचारला वाजायचं थांबलं.

सकाळी सातला बायको ड्यूटीवरून आली. दाराबाहेर चिंगीचे निळे बूट. बोटं दाराकडे. लेस सुट्या. दोन्ही बुटांचं कापड पुढून फाटून आतलं अस्तर बाहेर आलेलं. दाराच्या खालच्या फळीवर घासल्याच्या निळ्या खुणा. ती बूट हातात घेऊन आत आली. "एवढ्यात फाडले का गं? आणि बाहेर कुणी टाकले?" मुलगी उठून आली. आईने बसवून तिच्या पायात बूट घातले.

दोन बोटं सैल.

"पाय वाढतो म्हणून एक बोट जागा ठेवली होती," बायको हसून म्हणाली. "ही उलटी कशी वाढतेय?"

भिंगरी उद्घाटनाला गेला नाही. त्याने फोनमधला तो नंबर पुन्हा सुरू केला आणि बाईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

"ती इथेच आहे," तो म्हणाला. "तुमची मुलगी. या, घेऊन जा. पाया पडतो, ताई. माझी मला परत द्या."

बाईने विचारलं, "दूध पिते का?"

"...पिते."

"दिवा असतो?"

"असतो."

तिकडे तिला रडू फुटलं. सुखाचं, म्हणाला तो मला. सुखाचं रडू होतं ते. "मग राहू द्या, दादा," ती म्हणाली. "तुमच्याकडे बरी आहे. इथे माझ्या एकटीच्या कमाईत काय मिळणार होतं तिला!" आणि फोन ठेवला. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही. भिंगरी त्या वस्तीवर जाऊन आला. खोली रिकामी. यंत्र, ढीग, काही नाही. पोस्टमनने दारसुद्धा उघडलं नाही त्याला.

बायको सहा महिने कशीबशी राहिली. नवरा पोटच्या पोरीला जवळ घेत नाही, ती हसली की उठून जातो, कोण सहन करील? ती मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात गेली. मुलगी मजेत आहे म्हणतात. हुशार आहे. बूट मात्र बक्कलचेच घालते.

भिंगरी त्याच घरात आहे. आता तो हाक मारतो. रोज रात्री, दार सताड उघडं टाकून. परत एकदा, परत एकदा, पहाटेपर्यंत. घसा कायमचा बसलाय. शेजारपाजारचे तक्रारी करून थकले. कुणी येत नाही. एकदा मारायची होती तेव्हा मारली नाही ना.

चहा गार झाला की तुमचा.

जायचं तर जा उद्या. मी नाही म्हणत नाही. फक्त तिथे… जाऊ दे. तुम्हाला कळलं असेल.

आता उठा, आणि त्या मागच्या भिंतीवरचा कापडाचा पडदा बाजूला करा. घाबरू नका, पेटी आहे. खोलगट फ्रेम, वर काच. भिंगरीनेच बनवून घेतली होती माझ्याकडून आणि पुन्हा न्यायला आलाच नाही. आत तेच बूट आहेत, निळे. मी स्वतः ठेवले, बोटं काचेकडे करून. मागून फळी ठोकली, आठ स्क्रू पिळले, त्यावर कागदी टेप लावून माझी सही केली, तारीख घातली. उलटी करून बघ रे, भाच्या. टेप फाटलीय कुठे? सही आहे ना सबंध?

ठेवताना दोन्ही लेस सुट्या होत्या. बांधायला माझे हात धजले नाहीत.

दिवाळीच्या नाही, कसल्याच सणाच्या नाही, साध्याच एका सकाळी झाडताना माझं लक्ष गेलं. डाव्या बुटाकडे बघा. जवळून बघा, पण नाव कुणी विचारू नका. गाठ बांधलेली आहे. वाकडी, कच्ची, एक कान मोठा, एक कान लहान. पहिल्यांदाच बांधल्यासारखी.

उजवी अजून सुटीच आहे.